मुलाच्या हाती पहिला चाकू : कोणता घ्यावा, कसा शिकवावा आणि कुठे अजिबात नेऊ नये

मुंबई उपनगर : दिवाळीच्या तोंडावर आकाशकंदिलाच्या कामट्या तासायच्या असतात, सुटीत ट्रेकला जायचं असतं, नाहीतर मित्राकडे पाहिलेला घडीचा चाकू डोक्यात बसलेला असतो. आठ-दहा वर्षांचं मूल एक दिवस ‘मलापण खिशातला चाकू हवा’ म्हणतंच. मग घरात दोन सूर निघतात. एक, ‘काही नको, हात कापून घेशील.’ दुसरा, ‘देऊन टाका, आम्ही नव्हतो का वापरत?’

दोन्ही सूर अर्धेच बरोबर आहेत. नाही म्हटल्याने मूल धारेपासून लांब राहत नाही, ते गुपचूप ब्लेड शोधतं. आणि नुसता आणून दिला तर पहिली जखम ठरलेली. चाकू ही मुलाला देण्याची नव्हे, शिकवण्याची वस्तू आहे. शिवाय अंधेरी, बोरिवली, कुर्ला या तिन्ही तालुक्यांत राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची : हा चाकू घराबाहेर नेण्यावर कायद्याच्या मर्यादा आहेत. बऱ्याच पालकांना त्या ठाऊक नसतात.

धार घरात आधीपासूनच आहे

मराठी घरात मुलाची धारेशी पहिली ओळख विळीपाशी होते. ‘विळी ओलांडू नको’, ‘काम झालं की आडवी करून ठेव’ हे नियम आजीने सांगितलेले असतात. कात्री उगाच वाजवली की भांडण होतं, असंही घरोघरी म्हणतात. त्यात भांडणाचं काही खरं नसेल, पण काम नसताना धारेशी चाळा करायचा नाही, हा धडा त्यात नेमका आहे.

वेसावे, मढ, गोराई इथल्या कोळीवाड्यांत मासळी कापणारा कोयता मुलं रोज बघतात. आरे आणि राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर वारली कुटुंबांत कोयता हे रोजचं अवजार आहे. या घरांमध्ये धारेचं अवजार कुणी खेळणं म्हणून हातात देत नाही. त्याला ठरलेलं काम असतं, ठरलेली जागा असते आणि शिकणारं मूल आधी बराच काळ नुसतं बघतं. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाला हे बघणंच मिळत नाही.

त्याला मिळतो तो शाळेच्या प्रोजेक्टसाठीचा कटर आणि पेन्सिल तासायचं ब्लेड. खरं तर शिकायला याहून वाईट अवजार नाही. कटरचं पातं पातळ असतं, जोर दिला की तुकडा उडतो. ब्लेडला मूठच नसते. पुठ्ठा कापताना पट्टीवरून घसरलेला कटर थेट डाव्या हाताच्या बोटांवर येतो. चांगली मूठ असलेला छोटा चाकू यापेक्षा कितीतरी सुरक्षित, पण शिकवला तरच.

वय किती? वयापेक्षा लक्षणं बघा

अमुक वाढदिवसाला चाकू द्यावा, असा काही नियम नाही. नॉर्वे, स्वीडनमध्ये काही बालवाड्यांतसुद्धा मुलांना शेजारी बसवून लाकूड तासायला शिकवतात. आपल्याकडे साधारण पाच-सहाव्या वर्षी बोथट सुरीने केळं कापणं, सात-आठच्या पुढे गोल टोकाच्या छोट्या सुरीने काकडी कापणं आणि नऊ-दहाच्या सुमारास मोठ्यांच्या शेजारी बसून घडीचा चाकू, हा क्रम बहुतेक मुलांना जमतो. पण एकाच घरातल्या दोन भावंडांतही फरक असतो. म्हणून या चार गोष्टी तपासाव्यात :

• ‘थांब’ म्हटलं की मूल पहिल्या हाकेला थांबतं का?
• एका जागी पंधरा-वीस मिनिटं बसून एकच काम करतं का?
• चूक झाली तर लपवतं की येऊन सांगतं?
• राग आला की हातातली वस्तू फेकतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर अजून थांबावं. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बोट कापल्यावर ओरडा बसेल या भीतीने फडकं गुंडाळून गप्प बसणारं मूल जास्त धोक्यात असतं.

निवडताना काय बघावं

दुकानात मुलाला बरोबर न्यावं. चाकू मोठ्यांच्या नव्हे, त्याच्या हातात बसायला हवा.

पातं : ५ ते ७ सेंटिमीटर पुरे. मोठं पातं म्हणजे जास्त उपयोग, असं नाही. लहान हाताला लांब पात्याच्या टोकावर ताबा राहत नाही.

टोक : पहिल्या चाकूचं टोक गोल असावं. बहुतेक कामं धारेने होतात, टोकाने नाही. भोसकण्याची जखम मात्र टोकानेच होते. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स आणि फ्रान्सच्या ओपिनेल या दोन जुन्या कंपन्या मुलांसाठी मुद्दाम गोल टोकाचे घडीचे चाकू बनवतात, ते याचसाठी.

लॉक : घडीच्या चाकूचा खरा धोका म्हणजे काम करताना पातं उलटं मिटून बोटांवर येणं. साध्या घडीच्या चाकूत पातं फक्त स्प्रिंगच्या दाबाने उघडं राहतं, टोकावर उलटा जोर पडला की मिटतं. लॉक असलेल्या चाकूत ते अडकून राहतं. ओपिनेलच्या मुठीवर फिरणारी धातूची कडी असते. ही कडी १९५५ पासून त्यांच्या चाकूंना आली. कडी फिरवली की पातं पक्कं. अशी कडी मुलांना समजायला सोपी, कारण पातं अडकलं आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. काही चाकूंत मुठीच्या आतली पट्टी अंगठ्याने बाजूला सारून पातं मिटवावं लागतं. त्यात अंगठा पात्याच्या वाटेत येतो, म्हणून पहिल्या चाकूला तो प्रकार टाळावा.

घडी नसलेला पर्याय : चाकू घरातच वापरायचा असेल तर छोटा, न मिटणारा, म्यान असलेला चाकू सगळ्यात सोपा. मिटण्याची भीतीच नाही. मुठीच्या पुढे बोट अडेल असा उंचवटा असला की हात पात्यावर घसरत नाही.

मूठ : मुलाच्या मुठीत पूर्ण मावावी, ओल्या हातातही सटकू नये. लाल, पिवळा असा ठळक रंग असेल तर चाकू गवतात किंवा पसाऱ्यात हरवत नाही.

पोलाद : आपल्याकडची दमट, खारी हवा विसरू नये. कार्बन स्टीलला धार छान लागते, पण पावसाळ्यात न पुसता ठेवलं तर ते लगेच गंजतं. मुलासाठी स्टेनलेसच घ्यावं.

आणि शेवटची परीक्षा दुकानातच : मुलाने चाकू स्वतः, दात-ओठ न खाता, उघडून आणि मिटवून दाखवावा. पातं उघडल्यावर डावी-उजवीकडे हलतं का तेही बघावं. हलत असेल तर तो चाकू परत ठेवावा, मग तो कितीही स्वस्त असो.

हे घेऊ नका

बटण दाबताच उघडणारा खटक्याचा चाकू, सिनेमातल्यासारखा रामपुरी, हातात फिरवून उघडायचा दुहेरी मुठीचा चाकू, दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातं : यातलं काहीही मुलासाठी नाही. ही कामाची अवजारं नव्हेत, त्यांचा घाटच दुसऱ्याला भीती घालण्यासाठी आहे. दहा-बारा पाती असलेलं जाडजूड मल्टिटूलही पहिल्यांदा नको. एक पातं उघडताना दुसऱ्यात नख अडकतं आणि मुलाचं लक्ष कामापेक्षा खेळण्यात राहतं. रस्त्यावर मिळणारे स्वस्त कीचेन चाकूही टाळावेत. त्यांचा खिळा थोड्याच दिवसांत ढिला होतो.

शिकवायचं कसं

पहिल्या दिवशी काही कापायचंच नाही. फक्त उघडणं, मिटवणं, देणं आणि ठेवणं. पातं दोन्ही हातांनी उघडायचं. मिटवताना चारही बोटं खाचेपासून बाजूला, आणि पातं तळहाताने ढकलायचं. हे न बघता जमायला लागेपर्यंत पुढचा धडा नाही. पुढचे नियम थोडेच आहेत, पण त्यांत सवलत नाही.

१. आधी बसायचं, मग उघडायचं. उभं राहून, चालताना किंवा गप्पा मारताना चाकू मिटलेला. उठायचं असेल तर आधी मिटवायचा.

२. हाताचा गोल. मिटलेला चाकू हातात धरून हात लांब करायचा आणि सभोवती फिरवायचा. त्या गोलात कुणी येत असेल तर काम सुरू करायचं नाही. धाकटं भावंड रांगत आलं की चाकू मिटवायचा. स्काऊटच्या मुलांना जगभर हाच नियम शिकवतात. दहा बाय बाराच्या खोलीत तो पाळणं अवघड आहे, म्हणून घरात वर्दळ नसेल अशीच वेळ निवडावी.

३. धार अंगापासून बाहेर. तासताना पातं नेहमी स्वतःपासून दूर जाईल असं चालवायचं. लाकूड धरलेला हात कायम पात्याच्या मागे, पुढे कधीच नाही.

४. मांडीवर काम नाही. हा नियम मोठेही विसरतात. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते, तिथली जखम जिवावर बेतू शकते. कोपरं गुडघ्यांवर टेकवून, काम गुडघ्यांच्या पुढे ठेवून करावं किंवा सरळ पाटावर, टेबलावर.

५. देताना मिटवून. घडी नसलेला चाकू असेल तर जमिनीवर ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. हातातच द्यायची वेळ आली तर मूठ समोरच्याकडे, आणि तो ‘घेतला’ म्हणेपर्यंत सोडायचा नाही.

६. पडणारा चाकू झेलायचा नाही. हातातून निसटला की हात वर, पाय मागे. फरशीला खाच पडली तर पडू दे. याची सराव परीक्षा चमचा टाकून घेता येते.

७. चाकू म्हणजे पेचकस नव्हे. डबा उचकटणं, खिळा काढणं, नारळ फोडणं यासाठी तो नाही. टोक तुटून डोळ्यात जाण्याचे प्रकार यातूनच होतात.

पालकांचा एक गैरसमज इथे दूर व्हायला हवा. ‘बोथट आहे, म्हणजे मुलाला चालेल’ असं वाटतं, पण घडतं उलटं. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला चाकू घसरतो. धारदार चाकू हलक्या हाताने चालतो आणि मुलाला सांभाळता येतो. म्हणून धार नीट ठेवावी, पण धार लावण्याचं काम पहिली काही वर्षं मोठ्यांनीच करावं.

पहिली कामं कोणती

सुरुवात अंघोळीच्या साबणाने करावी. साबण मऊ असतो, त्याचे पापुद्रे छान निघतात आणि मासा, होडी, हत्ती असं काहीतरी तासभरात हातात येतं. उरलेला चुरा कपडे धुवायला. त्यानंतर काकडी, केळं, उकडलेला बटाटा. मग पेन्सिल तासणं. पेन्सिलीवर बाहेरच्या दिशेने, हलक्या हाताने पातं चालवायची सवय पक्की होते. मग लाकूड.

लाकूड मऊ हवं. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पूर्वापार पांगाऱ्याचं लाकूड वापरत, ते हलकं आणि मऊ असतं म्हणूनच. शेवग्याच्या सुक्या काटक्याही चालतात. पण उपनगरात लाकडासाठी झाडाला हात लावायचा नाही. शहरी भागातली झाडं १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली येतात आणि परवानगीशिवाय झाड तोडणं हा गुन्हा आहे. पावसाळ्याआधी सोसायट्यांच्या आवारातल्या फांद्या छाटल्या जातात, त्यातल्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या काटक्या बाजूला ठेवल्या तर वर्षभर पुरतात.

बांबूच्या कामट्या मात्र पहिल्या वर्षी नकोत. बांबू उभा फाटतो, पातं अचानक पुढे सुटतं. शिवाय कामटीची कडाच ब्लेडसारखी कापते. कंदिलासाठी बांबू मोठ्यांनी चिरून द्यावा, मुलाने हातमोजा घालून कडा घासाव्यात आणि दोरा बांधावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवाळीपर्यंत तासण्याचं कामही त्याच्या हाती देता येतं.

विळी आणि चाकू यांतला फरकही समजावून सांगावा. विळीत पातं स्थिर आणि हात हलतो, चाकूत हात स्थिर आणि पातं हलतं. एक येतं म्हणून दुसरं आपोआप येत नाही.

कुठे नेऊ नये : हे नीट वाचा

शाळा. कोणत्याही कारणाने नाही. कंपासपेटीत नाही, दप्तराच्या तळाशी नाही, सहलीच्या दिवशीही नाही. मुलाला तो चाकू फक्त दाखवायचा असतो, पण वर्गात उघडलेलं पातं बघून शिक्षकांनी काय समजावं? भांडण सुरू असताना तो बाहेर निघाला तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. १८ वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. दाखवण्याची हौस आणि त्याचा परिणाम यांचं हे प्रमाण मुलाला आधीच, स्पष्ट शब्दांत सांगावं.

रस्ता, मैदान, गर्दी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. म्हणजे मुलाचा छोटा चाकू या यादीत बसत नाही. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्तांना सार्वजनिक ठिकाणी शस्त्रं, चाकू, काठ्या बाळगायला मनाई करता येते आणि मुंबईत असे आदेश वेळोवेळी निघतात. तिथे पात्याच्या इंचांचा हिशेब कामी येत नाही.

राष्ट्रीय उद्यान. बोरिवली, मुलुंडकरांसाठी हा मुद्दा सर्वात जवळचा. रविवारी मुलांना घेऊन कान्हेरीला जाणारी कुटुंबं फळं कापायला चाकू सहज पिशवीत टाकतात. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदूक, धनुष्यबाण, सापळे यांच्याबरोबर चाकूही आहे. कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही आणि कलम ३५ ने तोच नियम राष्ट्रीय उद्यानाला लागू केला आहे. ट्रेकर मंडळींनीही हे लक्षात घ्यावं. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, भीमाशंकर आणि कर्नाळा हीदेखील अभयारण्यंच आहेत. फळं घरून कापून डब्यात न्यावीत. ट्रेकसाठी मुलाला चाकू घेऊन देणं, हे कारण बहुतेक वेळा इथेच संपतं.

मेट्रो आणि विमान. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोच्या स्थानकांवर बॅग यंत्रातून जाते, तिथे चाकू निघाला की अडवणूक ठरलेली. विमानात हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही. गावी न्यायचाच असेल तर चेक-इनच्या सामानात, मोठ्यांच्या बॅगेत ठेवावा.

थोडक्यात, उपनगरातल्या मुलाचा ‘खिशातला चाकू’ खिशात राहण्यासाठी नाहीच. तो घरात, गावच्या अंगणात, शेतावर, मोठं माणूस शेजारी असताना वापरायचा.

कापलंच तर

शिकताना कधीतरी बोट कापणार. त्या वेळी घाबरून आरडाओरडा केला तर मूल पुढची जखम लपवेल.

• छोटी जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली धुवावी. स्वच्छ कापड ठेवून दाबून धरावी, हात छातीच्या वर उचलावा.
• सलग दहा मिनिटं दाब द्यावा. ‘थांबलं का’ म्हणून दर मिनिटाला कापड उचलून बघू नये, गोठलेलं रक्त पुन्हा सुटतं.
• हळद, कॉफी, चुना, टूथपेस्ट यातलं काही भरू नये. डॉक्टरांना जखम पुन्हा उघडून साफ करावी लागते.
• दहा मिनिटांनीही रक्त थांबलं नाही, जखमेच्या कडा उघड्या राहिल्या, बोट वाकत नाही किंवा बधिर झालं, तर टाके किंवा तपासणीची गरज आहे. बाहेरून छोटी दिसणारी जखमही शिरेपर्यंत गेलेली असू शकते. पालिकेच्या कूपर, राजावाडी यांसारख्या रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात लगेच जावं.
• मांडी, मनगट किंवा मानेजवळची जखम असेल तर जोराने दाब देत १०८ ला फोन करावा.
• बोटाचा तुकडा पडला असेल तर तो स्वच्छ ओलसर कापडात, मग प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकड्याला थेट बर्फ लावू नये.
• धनुर्वाताची लस झाली आहे का ते बघावं. सरकारी लसीकरणात पाच-सहा वर्षांचा डोस झाल्यावर १० आणि १६ व्या वर्षी टीडीची लस असते. मधला डोस राहिला असेल तर डॉक्टरांना तसं सांगावं.

चाकू मुलाचा, कुलूप पालकांचं

सुरुवातीची एक-दोन वर्षं चाकू मुलाच्या नावाचा असला तरी मोठ्यांच्या कपाटात राहावा. मुलाने मागायचा, काय करायचं आहे ते सांगायचं, काम संपल्यावर पुसून परत द्यायचा. नियम मोडला तर ओरडा नको, मार तर नकोच. चाकू महिनाभर कपाटात, आणि महिन्यानंतर पुन्हा पहिल्या धड्यापासून. हे मुलाशी आधीच बोलून ठेवलं तर त्या दिवशी वाद होत नाही. मात्र जखम झाल्याचं त्याने स्वतः येऊन सांगितलं तर त्या दिवशी शिक्षा नाही, हेही तितकंच ठामपणे सांगावं.

आणि हे नियम घरातल्या मोठ्यांनाही लागू आहेत. वडीलच उभ्या उभ्या, फोनवर बोलत, अंगठ्याच्या दिशेने आंबा कापत असतील तर मूल तेच शिकेल.